एकच नियम सांगा म्हणता, पण बॅटऱ्या एका जातीच्या नाहीत

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. बॅटरी पूर्ण संपवून चार्ज करावी की मध्येच लावली तरी चालते? रात्रभर चार्जिंगला राहिली तर बिघडते का? चार्जरचा हिरवा दिवा लागलेला असतानाही पेन्सिल सेल कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये पाच मिनिटांत का बसतात? आणि दीड वर्ष कपाटात पडलेला टॅबलेट आता उठतच नाही, त्याचं काय करायचं? शेवटी म्हणता, घरातल्या सगळ्या वस्तूंना लागू पडेल असा एकच नियम सांगा.

तो एक नियम शोधण्यातच घोटाळा आहे. दुरुस्तीच्या टेबलावर मी वीसेक वर्षं बसतोय. या काळात ज्या बॅटऱ्या अकाली गेलेल्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच काळजी न घेतल्यामुळे नव्हे, तर काळजी घेऊन मारलेल्या होत्या. मालकाने नियम पाळला होता, मनापासून पाळला होता, फक्त तो दुसऱ्याच जातीच्या बॅटरीचा होता. 'पूर्ण उतरू दे, मगच लाव' हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या बॅटरीचा. 'नवीन आणल्यावर पहिल्यांदा आठ-दहा तास लाव' हाही निकेलच्या काळातला. बॅटरीच्या पोटातलं रसायन बदललं, सल्ला मात्र तोंडोतोंडी चालत राहिला.

म्हणून आधी लेबल वाचा. एका सेलवर १.२ व्होल्ट छापलं असेल तर निकेल, ३.६, ३.७ किंवा ३.८ च्या आसपास असेल तर बहुधा लिथियम. 'बहुधा' म्हणायचं कारण असं, की तीन निकेल सेल ओळीने जोडले की तेही ३.६ व्होल्टच भरतात. जुन्या कॉर्डलेस फोनमधला वेष्टनात गुंडाळलेला तीन सेलचा गठ्ठा असाच असतो. ७.२ व्होल्टचंही तेच, सहा निकेल किंवा दोन लिथियम. तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका, रसायनाचं नाव लिहिलेलं असतं ते शोधा. दाढीचा ट्रिमर, विजेवर चालणारा टूथब्रश, खेळणी यांत आजही निकेल-मेटल हायड्राइड सापडते. फोन, लॅपटॉप, इअरबड्स, पॉवर बँक हे सगळं लिथियम.

निकेल-कॅडमियमचं आधी उरकून घेतो. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये ती बनवली आणि जवळजवळ शतकभर ती चालली. 'मेमरी इफेक्ट' हा शब्द तिच्यामुळे आला. अवकाशातल्या वापरात असे सेल संगणकाच्या नियंत्रणाखाली दर वेळी नेमके तितकेच, सुमारे २५ टक्के, उतरवून पुन्हा भरले जायचे. काही काळाने ते त्या खुणेच्या पुढे नीट चालेनासे झाले, जणू सवयच लागली. घरगुती वापरात इतकं काटेकोर कोण वागतं? घरात ज्याला लोक मेमरी म्हणायचे, ते बहुतेक वेळा स्वस्त चार्जरने दिवसेंदिवस जास्त चार्ज केल्याचं फळ असायचं. दोन्ही प्रकारांत अधूनमधून पूर्ण उतरवून भरल्याने फरक पडायचा, त्यामुळे सल्ला पक्का झाला. कॅडमियम विषारी असल्याने छोट्या उपकरणांतून ही बॅटरी आता जवळपास गेली आहे. सल्ला तेवढा राहिला.

आता लिथियम-आयन. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, सर्वांत वयस्कर नोबेल विजेते. त्यांचा सेल आतून कसा चालतो हे थोडंसं कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड, मध्ये सच्छिद्र पडदा आणि द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत ऑक्साइडकडे येतात. नुसती ये-जा. पण दर खेपेला थोडं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच्या पापुद्र्यात अडकतं आणि कायमचं कामातून जातं. तो पापुद्रा लागतोही, तोच ग्रॅफाइटला द्रवापासून वाचवतो. पण तो जाड होत गेला की क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. बॅटरी म्हातारी होते म्हणजे मुख्यतः हेच होतं.

हे म्हातारपण तीन गोष्टी लवकर आणतात. पहिली उष्णता. दुसरी, काठोकाठ भरलेल्या अवस्थेत फार वेळ राहणं. तिसरी, अगदी तळाला जाऊन तिथेच पडून राहणं.

आता तुमचा पहिला प्रश्न. मध्येच लावा, हवं तेव्हा लावा. लिथियमला रोजच्या वापरात जाणवेल अशी मेमरी नाही. उलट दर वेळी शून्यावर नेणं हेच तिला जड जातं. ४० वर लावलं, ७० वर काढलं, संध्याकाळी पुन्हा लावलं, काही बिघडत नाही. 'असं केलं तर चार्जिंगच्या फेऱ्या लवकर संपतील ना?' हे मला हमखास विचारलं जातं. फेरी म्हणजे पिन किती वेळा घातली ते नव्हे. आज ६० टक्के वापरलं, उद्या ४० टक्के वापरलं, की मिळून एक फेरी. उपकरण हा हिशेब असाच ठेवतं. शिवाय उथळ उतार-चढाव झाले तर बॅटरीतून आयुष्यभरात मिळणारी एकूण ऊर्जा जास्तच भरते.

मग महिन्यातून एकदा पूर्ण संपवायची म्हणतात ते काय? ते बॅटरीसाठी नाही, तिच्या मापकासाठी आहे. टक्केवारी दाखवणारी चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करत असते. बारीक चुका साठत जातात आणि शून्य नेमकं कुठे आहे ते तिला समजेनासं होतं. टक्के उड्या मारायला लागले, २० वरून एकदम ९ वर आले, तर एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा सलग भरा. मापक सुधारेल. बॅटरीची क्षमता मात्र एका थेंबानेही वाढणार नाही. दर महिन्याला हे करायची गरज नाही, मापक भरकटल्यावरच करा.

फोन ३० टक्क्यांवर असताना धाडकन बंद पडतो, ही तक्रार मात्र बऱ्याचदा वेगळी असते. तिथे मापक खोटं बोलत नसतं. आत चार्ज खरंच शिल्लक असतो, पण अंतर्गत रोध इतका वाढलेला असतो की कॅमेरा उघडताना करंटचा झटका बसला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे जास्त दिसतं. अशा बॅटरीला कितीही वेळा भरा-उतरवा, काही होत नाही, ती बदलावीच लागते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. यात लोकांचे दोन तट आहेत आणि दोन्ही अर्धे बरोबर. चार्जर बॅटरीत जबरदस्तीने करंट ढकलत राहतो ही समजूत चुकीची. भरण्याचं नियंत्रण फोनच्या आतल्या चिपकडे असतं. आधी ती ठरावीक करंट देते आणि व्होल्टेज चढू देते. सेल ४.२ व्होल्टला पोचला, की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करत नेते. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये ही मर्यादा ४.४ च्या आसपास असते. तांब्या काठापर्यंत भरताना शेवटी धार बारीक करावी लागते, तसंच. म्हणून पहिले ऐंशी टक्के भराभर होतात आणि उरलेले वीस रेंगाळतात. करंट पुरेसा कमी झाला की चिप चार्जिंग बंद करते. रात्रभर ठेवल्याने 'जास्त' चार्ज होत नाही, स्फोट वगैरे होत नाही.

मग दुसरा तट कुठे बरोबर आहे? दोन तासांत भरलेली बॅटरी उरलेले पाच तास काठावर बसून राहते. त्या व्होल्टेजला आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, आणि वर उशी किंवा गादीची ऊब मिळाली तर आणखी वेगाने. या क्षेत्रात सर्रास वापरले जाणारे आकडे सांगतो. ४० टक्के भरलेला लिथियम सेल २५ अंशांना वर्षभर ठेवला तर मूळ क्षमतेच्या सुमारे ९६ टक्के शाबूत राहते. तोच पूर्ण भरून ठेवला तर सुमारे ८० टक्के. तापमान ४० अंश केलं तर अनुक्रमे ८५ आणि ६५. यात बॅटरी वापरलेली नाही हं, नुसती ठेवलेली आहे. म्हणजे काठोकाठ भरणं आणि तापवणं यांची जोडी किती महाग पडते पाहा.

म्हणून फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. काही फोन तुमची उठायची वेळ ओळखून ८० ते १०० चा टप्पा पहाटेवर ढकलतात, तेही चांगलं. कमाल व्होल्टेज ४.२ ऐवजी ४.१ ठेवलं तर क्षमता दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते, पण फेऱ्या जवळपास दुप्पट होतात, असा आमच्या धंद्यातला ढोबळ अंदाज आहे. सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. माझ्याकडे येणाऱ्या फुगलेल्या लॅपटॉप-बॅटऱ्यांमध्ये 'आम्ही तर कधी बॅटरीवर वापरतच नाही' म्हणणाऱ्यांच्या पुष्कळ असतात. ते अभिमानाने सांगतात, आणि मला त्यांचा हिरमोड करावा लागतो.

पण याचा धसकाही घेऊ नका. ८० ची खूण झाली की धावत जाऊन पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. प्रवासाच्या आदल्या रात्री मी १०० टक्के करतो आणि खुशाल झोपतो. एका रात्रीने काही होत नाही, रोजच्या सवयीने होतं.

तीनही शत्रूंमध्ये मला विचाराल तर उष्णता पहिली. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा शाळेतला ठोकताळा इथेही लागू आहे. फोन चार्जिंगला लावून त्यावर तासभर गेम खेळणं म्हणजे प्रोसेसरची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता एकाच वेळी बॅटरीला देणं. वायरलेस चार्जिंगमध्ये गुंडाळ्या एकमेकींसमोर नीट आल्या नाहीत तर बरीच ऊर्जा नुसती तापण्यात जाते. चुंबकाने नेमकं बसवणारे पॅड त्या मानाने बरे. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन तर मी वर्षाचं आयुष्य एका उन्हाळ्यात घालवताना पाहिला आहे. जाड कव्हर असेल आणि फोन तापत असेल तर चार्ज करताना कव्हर काढा. हातात धरवणार नाही इतकं उपकरण तापलं असेल तर चार्जिंग थांबवा, आधी निवू द्या. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करू नये.

थंडीचं गणित निराळं आहे. गार पडलेली बॅटरी कमी चालते, पण ते तात्पुरतं, खिशात ठेवून ऊब मिळाली की परत येते. शून्य अंशाखाली चार्ज करणं मात्र कायमचं नुकसान करतं. आयनांना ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ मिळत नाही आणि लिथियम पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्याचे काटे वाढून पडदा भेदला गेला तर आतल्या आत शॉर्ट. चांगली उपकरणं थंडीत चार्जिंग नाकारतात. साधा एलईडी टॉर्च किंवा स्वस्त पॉवर बँक नाकारेलच असं नाही.

चार्जरबद्दल थोडक्यात. ६५ वॉटच्या यूएसबी टाइप-सी चार्जरला १८ वॉटचा फोन लावला तर फोन मरत नाही. टाइप-सी चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो, नंतर दोघांची बोलणी होऊन किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते ठरतं. जुन्या गोल पिनच्या चार्जरमध्ये अशी बोलणी नसतात. तिथे व्होल्टेज अगदी तेच हवं, पिनच्या आतलं-बाहेरचं धन-ऋण तेच हवं, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. आणि 'चार्जर खराब झालाय' म्हणून आणून दिलेल्या निम्म्या चार्जरांत दोष वायरचा असतो. पाव ओहम रोधाच्या वायरमधून २ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वायरच खाते. ५ मधले ४.५ फोनला मिळाले की तो करंट कमी करतो आणि चार्जिंग रखडतं. नवा चार्जर आणण्याआधी वायर बदलून पाहा.

आता पेन्सिल सेल. हा माझ्या आवडीचा विषय, कारण इथे खरी काळजी घेण्याने खरा फरक पडतो.

निकेल-मेटल हायड्राइड सेल भरला आहे हे ओळखणं लिथियमपेक्षा अवघड. लिथियमला ठरावीक व्होल्टेजला थांबवता येतं, निकेलला तशी खूण नाही. तो भरत आला की व्होल्टेज चढतं, आणि भरून वाहू लागला की अगदी किंचित, सेलमागे ५ मिलिव्होल्टच्या आसपास, खाली येतं. चांगला चार्जर ही घसरण पकडतो, शिवाय तापमान एकदम चढू लागलं की तेही ओळखतो. स्वस्त चार्जर यातलं काहीच करत नाही. त्यात एक घड्याळ असतं किंवा तेही नसतं. वेळ भरली की हिरवा दिवा. सेल भरला का, हे त्याला माहीतच नसतं. काही चार्जरांत तर हिरवा दिवा म्हणजे नुसतं 'सेल बसवला आहे'.

दुसरी खोड म्हणजे जोडीने चार्ज करणं. बरेच चार्जर दोन सेल एकाच ओळीत घेतात. त्यातला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर पहिला तापत राहतो आणि दुसरा उपाशी. चार वेगवेगळ्या खणांचा, प्रत्येक सेलकडे स्वतंत्र पाहणारा चार्जर घ्या. सेलवर कंजूषी करा हवी तर, चार्जरवर करू नका.

मग फ्लॅशमध्येच का बसतात? म्हाताऱ्या निकेल सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहमपर्यंत सहज जातो. भिंतीवरच्या घड्याळाला लागणारा करंट इतका कमी, की त्याला हा रोध जाणवतच नाही. फ्लॅश मात्र पुन्हा भरताना ४ अँपिअर ओढू शकतो. चार गुणिले ०.२ म्हणजे ०.८ व्होल्ट सेलच्या आतच गडप. सव्वा व्होल्टमधले उरले ०.४५. फ्लॅश म्हणतो बॅटरी संपली. तुम्ही मल्टिमीटर लावून पाहिलं असेल, त्याने १.३ दाखवले असतील, आणि तुम्ही बुचकळ्यात पडला असाल. मल्टिमीटर करंट ओढत नाही, म्हणून त्याला सेल धट्टाकट्टा दिसतो. परीक्षा भाराखाली घ्यायची असते. असा सेल फेकण्याआधी रिमोटमध्ये घालून पाहा, तिथे तो अजून काही काळ चालून जाईल.

आणखी एक कारण याहून साधं. चारांतला एकच सेल कमजोर असतो. तो आधी रिकामा होतो, आणि उरलेले तीन त्याच्यातून करंट ढकलत राहतात. तो उलटा चार्ज होऊ लागतो, म्हणजे धन-ऋण पालटतात, आणि त्यात त्याचा निकाल लागतो. म्हणून माझा हट्ट: सेल संचाने विकत घ्या, मार्करने त्यांवर अ, ब, क लिहा, अ संच कायम एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. नवा-जुना, या कंपनीचा-त्या कंपनीचा असं कालवण करू नका. उपकरण बंद पडायला लागलं की लगेच सेल काढा. खेळण्यातली गाडी रांगायला लागेपर्यंत चालवायची मुलांची सवय सेलांना सर्वांत जास्त मारते.

जुन्या पद्धतीचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात चार्जचा चांगला मोठा भाग गमावतात. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले, तेव्हापासून कमी गळतीचे सेल मिळू लागले. ते वर्षभर ठेवूनही ७० ते ८५ टक्के भरलेले सापडतात. घेताना 'वापरायला तयार' किंवा 'प्री-चार्ज्ड' असं लिहिलेले घ्या. आणि सर्वांत मोठा एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो) आकडा पाहून भुलू नका. २,५०० च्या वरचे सेल त्याच डबीत जास्त माल कोंबून, दोन बाजूंमधला पडदा पातळ करून बनवतात. २,००० च्या आसपासचे साधे सेल बहुतेक वेळा जास्त वर्षं टिकतात.

साधा मंद चार्जर असेल तर हिशेब स्वतः करा. २,००० एमएएचच्या सेलला २०० मिलिअँपिअरने दहा तास लागतील असं वाटतं, पण काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून १४ ते १६ तास धरा आणि घड्याळ लावून काढा. शेवटी शेवटी सेल कोमट होणं ठीक, चटका बसता कामा नये. फार दिवस पडून असलेले सेल पहिल्या खेपेला निराश करतात. दोन-तीन वेळा पूर्ण भरून उतरवले की बरेचसे ताळ्यावर येतात. इथे, निकेलसाठी, ते जुनं सूत्र अजून उपयोगी आहे.

एक सावधगिरी. पेन्सिल सेलच्याच आकाराचे, पण आत ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. त्यांना १४५०० म्हणतात. १.५ व्होल्टच्या जागी ते घातले तर उपकरण जळतं. आणखी एक प्रकार आहे, आत लिथियम आणि वर छोटं सर्किट, बाहेर नेमके १.५ व्होल्ट देणारे. ते उपकरणात चालतात, पण निकेलच्या चार्जरमध्ये अजिबात घालायचे नाहीत. साध्या अल्कलाइन सेलला चार्जरमध्ये घालायचा मोहही टाळा, ते गळतात. धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रात पुस्तिकेत सांगितलेलाच सेल घाला, काटकसरीची ती जागा नव्हे.

पॉवर बँकेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फसवणूक तिथे सर्वांत जास्त होते म्हणून सांगतो. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. म्हणजे ३७ वॉट-अवर ऊर्जा. ५ व्होल्टला बाहेर काढताना तेच ७,४०० एमएएच होतात, आणि रूपांतरातली गळती धरली तर हातात साडेसहा हजारांच्या आत-बाहेर येतं. इथपर्यंत प्रामाणिक. पण १८६५० या गोल लिथियम सेलवर कोणी ९,९०० छापत असेल तर तो सरळ खोटं बोलतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब अशा त्या डबीत उत्तमातला उत्तम सेलही ३,५०० च्या आसपास भरतो. शंका आली तर वजन करा. खरा साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली बराच हलका लागतो. मी एक उघडला होता, त्यात छोटा सेल आणि भोवती पांढरी पूड निघाली. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या, १०० वॉट-अवरच्या आत असाव्यात. त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

आता तुमचा टॅबलेट. दीड वर्षात तो स्वतःच गळत गळत तळाला गेला आहे. साधारण अडीच व्होल्टच्या खाली संरक्षक सर्किट बॅटरीला बाहेरच्या जगापासून तोडून टाकतं, म्हणून पडद्यावर काहीच दिसत नाही. आधी त्याला पालथा टाकून पाठ पाहा. सपाट जागेवर डगमगतोय का? पडदा कडेला उचलला आहे का? असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जर लावूच नका, पुढे सांगतो तसं करा.

पाठ सपाट असेल तर चांगल्या वायरने, त्याच्याच चार्जरने, डोळ्यांसमोर, लाकडी-कापडी वस्तूंपासून दूर लावा आणि तासभर बटण दाबू नका. चिप आधी अगदी बारीक करंट देऊन सेलला तीन व्होल्टपर्यंत आणते, मग खरं चार्जिंग सुरू करते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पडदा काळाच राहणं सामान्य आहे. उठला तर एकदा पूर्ण भरून दोन दिवस लक्ष ठेवा, गरम होतो का, टक्के भराभर उतरतात का. तासाभरानेही हालचाल नसेल तर सोडून द्या. बाहेरून वायर लावून बॅटरीला 'झटका' द्यायचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. करू नका. फार खाली पडून राहिलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचं तांबं द्रवात विरघळतं आणि नंतर चार्ज करताना नको तिथे जमतं. तो सेल आतून शॉर्ट व्हायच्या बेतात असतो. त्याला जिवंत करण्यात शहाणपण नाही, नवी बॅटरी बसवून घ्या.

पुढच्या वेळी कपाटात ठेवताना निम्मा भरून, पूर्ण बंद करून, घरातल्या गार आणि कोरड्या जागी ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पाहून पुन्हा निम्म्यावर आणा. ड्रोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांनाही हेच. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं.

फुगलेली बॅटरी. आतल्या द्रवाचा वायू झाला आहे म्हणून ती फुगते. लॅपटॉपचा टचपॅड दाबायला कडक झाला, हे याचं पहिलं लक्षण असतं आणि लोक टचपॅड बदलायला येतात. उपकरण बंद करा, चार्जर काढा, फुगवटा दाबून बसवू नका, भोक पाडून वायू काढायचा विचारही नको. धूर येऊ लागला तर भिंतीवरचं बटण बंद करून वीज तोडा, माणसं बाहेर काढा, खिडक्या उघडता आल्या तर उघडा, तो धूर विषारी असतो. छोट्या उपकरणाची आग असेल आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल तर भरपूर पाणी ओता. लिथियम म्हटल्यावर पाणी नको असं लोक म्हणतात, पण इथे पाण्याचं काम शेजारच्या सेलांना थंड ठेवण्याचं आहे. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, लगेच हात लावू नका.

काढून टाकलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका, कचरागाडीत दाबल्या जाऊन त्या पेटतात. दोन्ही अग्रांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळी गुंडाळा, फुगलेली असेल तर वाळू घातलेल्या धातूच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. तुमच्या फ्लॅशमधले ते चार सेलही तिथेच न्यायचे आहेत. पण आधी एकेक रिमोटमध्ये घालून पाहा.